गोठ्यातली ऊब

९ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली. सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला बाहेर आले तर गोठ्याच्या पत्र्यावर मांजरं पसरलेली. एकही आपलं नव्हे. सागर म्हणाला, खाली दिवे चालू असतात, पत्रा गरम राहतो, त्यांना बरोबर कळतंय. त्याला कौतुक. आत्तींनी, त्याच्या आईनं, काठी आपटली तरी एकही जागचं हललं नाही.

म्हशी विकून किती वर्षं झाली, तरी आम्ही गोठाच म्हणतो. दुपारी तन्वीच्या वर्गातली मैत्रीण आलती, तिला गोठा दाखवताना आमच्या बाईसाहेबांचा रुबाब बघण्यासारखा. हा शंभू, अजगर, आफ्रिकेचा. ह्या दोन नारिंगी कॉर्न स्नेक, पप्पांनी अंड्यातनं काढल्यात. हा हिरवा इग्वाना. ही काटेरी सरडी माझी एकटीची, जिलेबी. ते कासव एवढं मोठं होणार की आज्जी पाटासारखी त्याच्यावर बसंल. विष कुणालाच न्हाय, वनखात्यात सगळ्यांची नोंद हाय.

मैत्रीण दारातच उभी राहिली. तिची आई तर फाटकाच्या आतच आली नाही.

१६ नोव्हेंबर

भोवतालचं भात कापून झालं. रान मोकळं झालं की उंदीर घरांकडं सरकतात आणि त्यांच्यामागं बाकीचे. यंदा सगळ्यांना आमचंच घर सापडलंय.

सागर इग्वानाला उन्हासाठी बाहेर काढतो. आठ दिवस झाले, पिंजरा बाहेर आला की कावळे जमतात आणि कालवा करतात. आज एक घार पण खाली उतरून गेली. आणि न्हाणीच्या मागं धामण. गोठ्याच्या कोपऱ्यात सागरनं अजगरासाठी पांढरे उंदीर पैदा केलेत, त्या टबांच्या वासाला आली असणार. चांगली लांब. मी ओरडायच्या आत सागरनं ती शेपटीला धरून उचलली. हसत होता. किती दिवसांनी असा हसताना बघितला.

आत्ती आत निघून गेल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट.

त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही. नागाचं काम. त्याआधी आमच्या हिंडलग्यात नि आजूबाजूला कुणाच्याही घरात साप निघाला की याला फोन. मला पण तो असाच भेटला, मी शिकवते त्या शाळेच्या स्वयंपाकखोलीत, हातात साप घेऊन पोरांना सांगत होता की मारू नका, तो घाबरलाय. दवाखान्यातनं परत आला तेव्हा आत्तींनी देव्हाऱ्यापुढं उभं करून साप धरणं सोडायला लावलं. मग काही महिन्यांनी शंभू आला. बिनविषारी, विदेशी, काचेत. आत्तींना पण चाललं. मला वाटलेलं एक साप ठेवून माणूस शांत राहत असेल तर राहू दे.

धामण कालव्याकडं सोडून आला. मलाच विचारतो, "आईनं काय म्हटलं?"

२४ नोव्हेंबर

मुंगूस. भर सकाळी गोठ्याच्या दारापाशी माती उकरत होतं. सागरनं मोबाइलवर शूटिंग केलं, तन्वीनं शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी शेजारच्या शांताक्का भिंतीपाशी आल्या. त्यांची कोंबडी गेली, हप्त्यातली दुसरी. राजा, त्यांचा कुत्रा, दिवसभर आमच्या गोठ्याकडं तोंड करून भुंकतो, खुराड्याकडं लक्षच नाही त्याचं. म्हणाल्या, "सागर, ते मुंगूस तुझ्या उंदरांसाठी येतंय आनि जाताना माझं न्हेतंय. मी बघितलो माझ्या डोळ्यानं."

भांडायला आल्या नव्हत्या. शांताक्का भांडत नाहीत. सागर दवाखान्यात होता तेव्हा आयसीयूच्या बाहेर आत्तींचा हात धरून बसलेल्या त्याच. मुलगा गोव्यात हॉटेलात, सणाला आला तर आला. राजा नि कोंबड्या, एवढंच घर त्यांचं.

सागर म्हणाला बंदोबस्त करतो.

२ डिसेंबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी आत्ती शांताक्कांकडं गेलत्या. सागर कामावर, मी शाळेत. मुंगूस पाणी जायच्या भोकातनं आत शिरलं. जाळी दातानं उचकटलेली. दोन्ही कॉर्न स्नेक गेल्या, एक तर दारातच टाकलेली, अर्धी. जिलेबीच्या पेटीत फक्त शेपूट. शंभूची काच जाड, तो वाचला, इग्वाना वरच्या फळीवर होता. कासव पाय ओढून दगडासारखं बसलेलं.

मी आधी पोचले, नंतर तन्वी. तिला आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं, पण ती माझ्या हाताखालनं गेली. रडली नाही. शेपूट उचलून ओंजळीत धरून उभी राहिली. मला ते रडण्यापेक्षा भीतीदायक वाटलं.

सागर आला, बघितलं, दार आतनं लावून घेतलं.

४ डिसेंबर

दोन दिवस रजा काढून सिमेंट, जाळ्या, पत्र्याच्या पट्ट्या. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणतो, येत नाही. कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या माणसाचं मोजमाप पक्कं, पण काल एकच पट्टी तीनदा कापली.

मी म्हटलं, मुंगसाचा काय दोष, तुम्हीच सांगता ना लोकांना. तो म्हणाला, "व्हय, सांगतो." पुढची पट्टी उचलली.

तन्वीनं जिलेबीची शेपूट चिंचेखाली पुरली. आज्जीला विचारत होती, मुंगसाला पण पिल्लं असतील का. आत्ती म्हणाल्या असतील की. मग तन्वी म्हणाली, "मग त्यांना जिलेबी आवडली आसंल."

हे सागरनं ऐकलं. उठून बाहेर गेला.

११ डिसेंबर

सापळ्यात मुंगूस सापडलं. आज दोघं जाऊन कणकुंबीच्या जंगलात सोडून आलो. मोटरसायकलवर मी मागं, मांडीवर पोत्यात गुंडाळलेला पिंजरा. वाटभर ते आत फिरत होतं, वजन या गुडघ्यावरनं त्या गुडघ्यावर. एकदा थांबलं तेव्हा मला वाटलं मेलं, पोतं बाजूला करून बघितलं तर डोळे लाल, माझ्याकडंच.

झाडीत दार उघडलं. पळालं नाही लगेच. तोंड बाहेर काढून वास घेत राहिलं. सागर म्हणाला, "हे असं धरून आणणं बेकायदा हाय. मीच शाळांतनं सांगत फिरायचो." मग म्हणाला, "हितं दुसऱ्या मुंगसाचं राज्य असणार. ह्याला ते राहू देणार न्हाईत."

परत येताना चहाला थांबलो. बऱ्याच दिवसांनी बोलला, कारखान्यातलं, तन्वीच्या शाळेचं. मला वाटलं संपलं.

१५ डिसेंबर

संपलं नाही. जोडीतलं दुसरं आलं, तसंच दारापाशी उकरतंय. हाका मारतंय का काय कोण जाणे, बारीक आवाज काढतं.

शिवाय एका बोक्यानं उंदरांच्या टबाचं झाकण पाडलं. पांढरे उंदीर परसभर, रताळ्याच्या वेलात, शांताक्कांच्या अंगणात. आता तर अख्ख्या गावाला आवतण. सागरनं दगड मारला. नेम धरून मारला. बोका तीन पायांवर कुंपणाखालनं गेला.

तो दगड मारतो हे मला माहीत नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली. गोमेवर चप्पल उचलली तरी हात धरणारा माणूस.

म्हटलं, गोठा बंद करूया. देऊन टाकूया कुणाला तरी. मग म्हणाला, "भायेरचं सगळं आईनं सोडायला लावलं, सोडलं. आता आतलं पण सोडू? मग माझं काय ऱ्हातंय?"

मी पडलेलं झाकण उचलून टबावर ठेवलं.

१९ डिसेंबर

राजा गेला.

सकाळी शांताक्कांचा आवाज आला, रडण्याचा नव्हे, हाका मारण्याचा. राजा, राजा, राजा. आमच्या कुंपणाच्या पलीकडं रताळ्याच्या सरीत पडलेला, तोंडाला फेस. मी शाळेला निघालेली, साडी खोचून तशीच गेले. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं. पाणी पाजत होत्या, ते बाहेर येत होतं. मला म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या, बघा की काय करता येतंय काय." काही करता येत नव्हतं. तोवर थंड पडत चाललेला.

पुढं दोन सरी सोडून मुंगूस. बांधाला एक मांजर. एक कावळा पण.

शांताक्का म्हणत होत्या, कुणी तरी डुकरांसाठी घातलं असणार. मी मान हलवली. मला तेव्हाच कळलेलं. कसं कळलं सांगता येत नाही, पण सागर कामाला जाताना राजाला बघायला थांबला नाही, त्यावरनं.

२० डिसेंबर

विचारलं. शनिवार, सकाळची शाळा, दुपारी आत्ती तन्वीला घेऊन शांताक्कांकडं बसायला गेलेल्या. तो गोठ्यात शंभूची काच पुसत होता.

"तुम्ही काय ठेवलं होतं बाहेर?"

पुसत राहिला.

"औषध. शेतातलं."

"कशात?"

"कोंबडीच्या तुकड्यात. मुंगसासाठी ठेवलं होतं. राजासाठी न्हवतं, वैशू."

"ते त्याला कसं कळणार, कुणासाठी ठेवलंय?"

फडकं हातातच. काचेच्या आत शंभू अंगाचं वेटोळं करून, त्याला कशाचं काही नाही, दिव्याखाली ऊब. मी विचारलं शांताक्कांना सांगणार का. म्हणाला, सांगून राजा परत येणार हाय काय. मी म्हटलं मग मी सांगू? तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. एवढा घाबरलेला मी त्याला नाग चावला तेव्हा पण बघितला नव्हता.

सांगितलं नाही. संध्याकाळी शांताक्का भाकरी घेऊन आल्या, राजासाठी पीठ जास्त मळलं गेलं सवयीनं, टाकवत नाही म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी खाल्ली ती भाकरी. मी पण खाल्ली.

२५ डिसेंबर, निपाणी

तन्वीला घेऊन माहेरी आले. सुट्टी आहेच आज, पुढचे दोन दिवस रजा टाकली. आईला सांगितलं, सहज आले.

संकेश्वर मागं पडल्यावर ऊसतोडीच्या गाड्या, बस रांगत चाललेली. तन्वी खिडकीतनं प्रत्येक मेलेल्या कुत्र्याकडं बघत होती, रस्त्यावर असतातच. तिसऱ्याच्या वेळी विचारलं, "ह्याला पण औषध घातलं आसंल?" मी म्हटलं, गाडीखाली आलं. तिला किती माहिती आहे, विचारायचं धाडस नाही.

माहेरी तसंच सगळं. गल्लीत तंबाखूचा वास, शिंका येतात पहिल्या दिवशी. आईनं दोनदा विचारलं, भांडण झालंय का. भांडण झालं असतं तर सोपं होतं, सांगता आलं असतं. आईला सागर फार आवडतो. तिच्या परसात निघालेला साप त्यानं धरला तेव्हा जमलेल्या लोकांना जे बोलला ते ती अजून पाहुण्यांना सांगते. म्हणते, माझा जावई मुंगीला पण धक्का लावत नाही.

त्याचा फोन. "जेवलीस काय?" एवढंच. मी पण तेवढंच.

२८ डिसेंबर

परत आलो. अंगणात पाऊल टाकलं आणि काही तरी चुकतंय असं वाटलं. पत्रा रिकामा. एकही मांजर नाही. कावळे पण येत नाहीत. शांताक्कांच्या फाटकाशी राजाची साखळी तशीच.

उंदीर मात्र माजलेत. पांढरे नि काळे, दोन्ही. दिवसाढवळ्या न्हाणीत. आत्ती म्हणाल्या, "मांजर न्हाय, मुंगूस न्हाय, कुत्रं न्हाय. मग हे न्हाई व्हायचं तर काय व्हायचं." म्हणताना सागरकडं बघितलं नाही, हातातल्या सुपाकडं बघत बोलल्या. त्यांना पण कळलंय. घरात सगळ्यांना कळलंय आणि कुणी बोलत नाही.

३ जानेवारी, शनिवार

दाराच्या फटीत पोतं कोंबून लिहायला बसले.

शाळा सुटून आले तर आत्ती पायरीवर बसलेल्या, पदर तोंडात. तन्वी शेजारी, मांडीवर सागरची साप धरायची आकडी. तन्वीनंच सांगितलं, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. आज्जी अंघोळीला गेली, न्हाणीतल्या चुलीमागं नाग होता. तिनं मला हाक मारली. मी आकडी आणली. पप्पा उचलतात तसं मध्यावर घालून उचलायला गेले. तो उभा राहिला. मी म्हटलं घाबरू नको, मी काय करणार न्हाय तुला.

"मग?"

"मग आज्जीनं मला केसाला धरून मागं ओढलं."

नाग गोठ्याच्या भिंतीत गेला, जिथं जुनी दावण होती तिथं दगड सुटलेत, त्या फटीत.

मी तन्वीला मारलं. पहिल्यांदा. मग तिला धरून बसले. ती पुन्हापुन्हा म्हणत होती, तो गरीब होता, तो पण ऊबच शोधत होता. दहा वर्षांच्या पोरीला सापाची भीती वाटत नाही याचं आम्ही सगळ्यांपुढं कौतुक केलं. अजगर गळ्यात घालून फोटो काढले. मीच काढले.

सागर आला. ऐकलं. तन्वीसमोर उकिडवा बसला. तिला म्हणाला, "हात दाखव." दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, बोट न् बोट. मग आपलं न वाकणारं बोट तिच्या तळव्यावर ठेवलं. "हे का असं हाय, तुला म्हाईत हाय न्हवं? मी लई हुशार होतो तवा झालंय हे."

आत्ती आतनं म्हणाल्या, "मुंगूस असतं तर नाग हिकडं फिरकला नसता."

सागरनं ऐकलं. यावेळी बाहेर गेला नाही, बसूनच राहिला.

४ जानेवारी, रविवार

इम्तियाज आला. सागरकडंच साप धरायला शिकलेला, आता सगळे फोन त्यालाच जातात. सागरनं आत्तींना दिलेला शब्द मोडला नाही, स्वतः फटीत हात घातला नाही, बाजूला उभा राहून टॉर्च धरली. इतक्या घरांत हा आत शिरायचा आणि घरची माणसं दारात उभी राहायची. आज आम्ही सगळे दारात, तो पण.

फटीतनं कात निघाली, ओली म्हणावी इतकी ताजी. नाग नाही. भिंतीतनं शेजारच्या बांधाकडं वाट असणार म्हणाला इम्तियाज, गेला असंल किंवा आतच असंल. जाताना सागरला बाजूला घेऊन विचारलं, रानात मुंगूस कसं मेलं. सागर काय बोलला ऐकू आलं नाही. इम्तियाजनं चहा अर्धाच ठेवला.

७ जानेवारी

ठरलं. मी ठरवायला लावलं. म्हटलं एक तर गोठ्यातले दिवे विझतील नाही तर मी नि तन्वी निपाणीला. आवाज न चढवता म्हटलं. तो पण न चढवता हो म्हणाला. वाटलं होतं भांडेल.

कोल्हापूरचा एक ओळखीचा शंभूला नि इग्वानाला नेणार, सगळे कागद करून. कासव कुणाला नको, ते एवढं मोठं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते राहील, त्याला गवत लागतं, उंदीर नव्हे. उंदरांचे टब सागरनं आज रिकामे केले. कसे, ते मी विचारलं नाही.

एवढं करून पण शांताक्कांचं तसंच. रोज सकाळी भिंतीवरनं विचारतात, नाग दिसला काय गं. काळजीनं विचारतात.

१४ जानेवारी, संक्रांत

काल शंभू गेला. सागरनं त्याला पोत्यात घालून, पोतं खोक्यात, खोक्याला गरम पाण्याच्या बाटल्या लावून दिल्या. गाडी गेली तरी रस्त्यावर उभा. तन्वी आतनं बघत होती, निरोप द्यायला आली नाही.

आज तिळगूळ. आत्ती म्हणाल्या शांताक्कांकडं तू जा. गेले. त्यांनी माझ्या तोंडात तीळ घातले आणि म्हणाल्या, पोरगा येणार होता गोव्यास्नं, आला न्हाय, राजा पण न्हाय, यंदा घर लई मोठं वाटतंय. मला गोड बोलायचं होतं. मी म्हटलं, अंधार पडायच्या आत कोंबड्या कोंडून घ्या आक्का, नाग आहे. हेच बोलले, दुसरं काही नाही.

घरी आले तेव्हा सागरनं विचारलं, काय म्हणाल्या. सांगितलं जसंच्या तसं. त्यानं हातातला तिळगूळ परत डब्यात ठेवला.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी शांताक्कांची हाक. भिंतीपाशी नाही, त्यांच्या अंगणातनंच, बारीक. "पारू, तुझ्या पोराला पाठीव. खुराड्यात नाग हाय."

आत्ती थांबल्या. त्यांनीच शब्द घेतलेला. इम्तियाजला फोन लावला तर तो कुठं तरी लांब, तास तरी लागणार. शांताक्का खुराड्याच्या आत होत्या, अंडी काढायला वाकलेल्या, आणि नाग दाराच्या बाजूला. आत्तींनी सागरकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जा."

मी तन्वीला घट्ट धरून भिंतीशी उभी. तो खाली बसला, लांबून, बोलत राहिला. आक्का, हलू नका. माझ्याकडं बघा, त्याच्याकडं नको. आकडी पुढं केली, नाग उभा राहिला, फणा काढला. सागरनं घाई केली नाही. बोट वाकत नाही म्हणून पकड बदलावी लागते, मला इथनं दिसत होतं, डावा हात पुढं. बरणी आडवी ठेवली, तिच्यावर काळं फडकं. नागाला अंधार दिसला, तो आपणहून आत सरकला. झाकण. मग शांताक्का बाहेर आल्या.

सागरचे दोन्ही हात त्यांनी धरले. खाटेवर बसवलं, चहा केला, स्वतः कप हातात दिला. मी भिंतीशीच होते, ऐकू येत होतं. म्हणाल्या, "तू धरायचं सोडलास तवा मला वाईट वाटलं हुतं. किती जिवं वाचली असतील तुझ्या हातनं. आनि राजा असता तर भुकून भुकून सांगितलं असतं बघ, मी आत गेलोच नसतो. कुनी घातलं आसंल त्याला, तुला तरी म्हाईत हाय काय रं?"

सागर म्हणाला, "चहा चांगला झालाय आक्का."

प्यायला सगळा. परत आला, बरणी धुण्याच्या दगडाशी सावलीत ठेवली. हात धुतले. पुन्हा धुतले. तन्वी बरणीपासून लांब, पायरीवर, मी सांगायच्या आधीच.

मग तो म्हणाला, "वैशू, मी सांगून येतो."

आत्ती म्हणाल्या, "आज नको. आज तिचा जीव वाचलाय, आज खूश हाय ती."

"म्हणूनच," म्हणाला.

भिंतीवरनं उडी मारून जातो एरवी. आज फाटक उघडून, रस्त्यानं वळसा घालून गेला, पाहुणा जातो तसा.

हे पायरीवर बसून लिहितेय. हातांना काही तरी काम हवं होतं, म्हणून वही घेतली. आत्ती शेजारी, माळ हातात आहे पण फिरत नाही. मघाशी सागरचा आवाज आला, दोन-तीन वाक्यं असतील, नेहमीपेक्षा हळू. शांताक्कांचा आवाज आलाच नाही. तन्वी विचारतेय नागाला कुठं सोडायचं. मी म्हटलं, पप्पा येऊन सांगतील.

आता दार लागल्याचा आवाज आला, त्यांच्या पुढच्या दाराचा. तो आत आहे की बाहेर, इथनं दिसत नाही.